गव्हाची युक्ती तणाच्या हाती

आजचा विषय नावाला जड आहे: तणांमधली चयापचयी प्रतिकारक्षमता. साध्या भाषेत सांगायचं तर, तणाने विष पचवायला शिकणं. नाव बाजूला ठेवू आणि आधी एका शेतात जाऊ.

१९९० च्या दशकाची पहिली वर्षं. हरियाणातला कर्नाल, कैथल, कुरुक्षेत्र हा पट्टा. खरिपात भात, रब्बीत गहू, पुन्हा भात, पुन्हा गहू, अशी वर्षानुवर्षं चाललेली शेती. हिवाळ्यात गहू हातभर झाला की शेतकरी तणनाशक मारायचे, आयसोप्रोट्युरॉन. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते वापरात होतं, स्वस्त होतं आणि कामाला चोख होतं. त्या वर्षांत मात्र काही गावांतून तक्रारी यायला लागल्या, की औषध मारलं पण गवत मरत नाही. (तणनाशकालाही आपले शेतकरी 'औषध'च म्हणतात. हा शब्द मजेशीर आहे, पण सोयीचा आहे, म्हणून आपणही तो वापरू.) आधी सगळ्यांना वाटलं की औषधच बनावट असेल, नाहीतर फवारणाऱ्याचं चुकलं असेल. काही ठिकाणी ते खरंही होतं. पण चांगलं औषध, बरोबर मात्रा आणि नीट फवारणी असूनही गवत उभंच राहायला लागलं. जिथे प्रकार हाताबाहेर गेला तिथे एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन हजार तणं मोजली गेली. अशा शेतात गहू शोधावा लागतो. अनेक शेतकऱ्यांनी उभा गहू हिरवाच कापून जनावरांना घातला.

पेरणीचा, खताचा, पाण्याचा खर्च झालेला आणि हातात काय, तर वैरण. आजच्या व्याख्यानात रसायनशास्त्र बरंच येणार आहे. ते ऐकताना हा कापलेला हिरवा गहू डोळ्यांसमोर असू द्या.

आता त्या गवताची ओळख. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. हरियाणात त्याला मंडूसी किंवा कनकी म्हणतात, पंजाबात गुल्ली डंडा. गुल्ली डंडा म्हणजे आपला विटीदांडू. बारीक दांड्यावर आखूड, जाडसर ओंबी पाहिली की हे नाव का पडलं असेल याचा अंदाज येतो. मुळात हे भूमध्य समुद्राच्या परिसरातलं गवत. थंडीत उगवतं, ओलाव्याला सोकावलेलं असतं, आणि भातानंतर ओल धरून राहणारी जमीन त्याला फार मानवते. ओंबी निघेपर्यंत ते इतकं गव्हासारखं दिसतं, की खुरपणीला बसलेल्या बाईलाही क्षणभर थांबावं लागतं. जाणकार लोक रोप उपटून बुडखा बघतात. मंडूसीचा बुडखा लालसर असतो आणि मोडला तर लालसर रस येतो. आणि गहू कापणीला येण्याआधीच तिचं बी पिकून गळून पडलेलं असतं, पुढच्या वर्षासाठी.

दिसायला गव्हासारखी, वाढीला गव्हासारखी. पुढे ती आणखी एका बाबतीत गव्हासारखी झाली, आणि आपली आजची सगळी गोष्ट तिथेच आहे.

हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातले डॉ. आर. के. मलिक आणि डॉ. समुंदर सिंह यांनी या तक्रारींच्या शेतांतलं बी गोळा केलं, ते वाढवलं आणि त्यावर आयसोप्रोट्युरॉनच्या वाढत्या मात्रा मारून पाहिल्या. १९९५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. निष्कर्ष स्पष्ट होता: ही मंडूसी आयसोप्रोट्युरॉनला दाद देत नाही. नेहमीची मंडूसी ज्या मात्रेला मरते, त्याच्या कित्येक पट औषध तिला लागतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वायव्य भारतात आठ-दहा लाख हेक्टर गव्हावर हे संकट पसरल्याचा अंदाज होता.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू, कारण पुढे तो पायात येतो. औषधामुळे तणात बदल 'घडतो' असं आपण सहज बोलून जातो. तसं होत नाही. कोट्यवधी रोपांच्या गर्दीत थोडी वेगळी रोपं आधीपासूनच असतात. औषध फक्त चाळणीचं काम करतं. मरणारी मरतात, वाचणारी बी टाकतात. पुढच्या वर्षी त्या बियांचा वाटा थोडा वाढतो. दहा-बारा वर्षं एकच चाळणी लावली तर खाली काय उरणार? पहिली काही वर्षं शेतकऱ्याला फरक कळतसुद्धा नाही. शंभरातलं एक रोप वाचलं तर कोण मोजतो? कळतं तेव्हा जमिनीत त्या वाचलेल्यांचंच बी भरलेलं असतं.

तण वाचतं म्हणजे नेमकं काय करतं, हे समजायला आधी औषध मारतं कसं ते बघू.

पानातल्या हरितलवकांत सूर्यप्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. या साखळीत डी-१ नावाचं एक प्रथिन आहे. त्याला एक खाच आहे, आणि तिथे रोजचा वाहक रेणू येऊन इलेक्ट्रॉन घेऊन जातो. आयसोप्रोट्युरॉन नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं. वाहकाला जागा नाही, इलेक्ट्रॉनांची वाट बंद. ऊन मात्र पडतंच आहे. ती ऊर्जा जाणार कुठे? तिच्यातून पेशीत विध्वंसक रेणू तयार होतात आणि ते पेशीची पटलं फाडतात. पान आधी पिवळं पडतं, मग करपतं. अन्न बनणं थांबतं हे खरंच, पण अन्नावाचून उपासमार होण्याच्या आधीच झाड आतून जळतं.

आता एक प्रश्न, आणि तो नीट ऐका. गव्हाच्या पानातही हेच डी-१ प्रथिन आहे. तीच खाच, तसाच वाहक. औषध गव्हावरही पडतं, गव्हाच्या मुळांतूनही आत जातं. मग गहू का मरत नाही?

तणनाशक कसं काम करतं हे बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. पीक का वाचतं हे कोणी विचारत नाही, दुकानदारही नाही आणि आपणही नाही. उत्तर असं: गहू ते औषध पचवतो. खाचेत बसलेल्या औषधाचं तो काही करत नाही, पण पेशीत शिरलेलं औषध इतक्या वेगाने मोडतो, की खाचा भरून ठेवायला पुरेसं औषध उरतच नाही. नेहमीची मंडूसी हेच काम फार सावकाश करते. म्हणजे गहू आणि तण यांच्यात फरक आहे तो फक्त वेगाचा.

हे पचवणं चालतं कसं? स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. गरम कढई आहे, पण तिला कान नाहीत. उचलणार कशी? आधी कान लावावे लागतील, मग कानांत सांडशी अडकवायची, मग ती उचलून मोरीत नेऊन ठेवायची. तणनाशकाचे रेणू बहुधा तेलकट स्वभावाचे असतात. पेशीला ते पकडता येत नाहीत, बाजूला करता येत नाहीत. म्हणून पहिल्या पायरीवर एक एन्झाइम त्या रेणूवर ऑक्सिजनचा एक अणू बसवतं किंवा त्याचा एखादा तुकडा छाटतं. हे झाले कान. दुसऱ्या पायरीवर दुसरं एन्झाइम त्या कानाला साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा रेणू चिकटवतं. काही औषधांच्या बाबतीत ग्लुटाथायोन नावाचा पेशीतला लहान रेणू चिकटतो. आता औषध पाण्यात विरघळणारं झालं आणि त्याचा विषारीपणाही गेला. तिसऱ्या पायरीवर पेशीतले पंप ते ढकलून रिक्तिकेत टाकतात. रिक्तिका म्हणजे वनस्पतीच्या पेशीतली मोठी कोठी. प्राण्यांसारखं बाहेर टाकायची सोय झाडाला नाही, म्हणून अडगळ घरातल्या घरातच, पण दार लावून.

पहिल्या पायरीवरच्या एन्झाइमांच्या घराण्याचं नाव सायटोक्रोम पी-४५०. हा ४५० आकडा कुठून आला? कार्बन मोनॉक्साइडला बांधलेलं असताना हे एन्झाइम ४५० नॅनोमीटर लांबीचा प्रकाश शोषतं, म्हणून. त्यापलीकडे त्या आकड्यात काही गूढ नाही. हे घराणं आपल्या शरीरातही आहे, मुख्यतः यकृतात. आपण घेतलेल्या कितीतरी गोळ्यांचा असर काही तासांत उतरतो, त्यात या मंडळींचा मोठा हात असतो. माणसात या घराण्याची ५७ जनुकं आहेत. भातात तीनशेहून अधिक आहेत, गव्हात त्याहूनही कितीतरी जास्त. वनस्पतींना इतकी कशाला लागतात? झाडाला पळता येत नाही. किडीला, बुरशीला, शेजारच्या झाडाच्या विषाला तोंड द्यायचं ते जागेवरूनच. नाना रसायनं बनवायची, नाना रसायनं मोडायची. कोट्यवधी वर्षांचा हा धंदा आहे. आपली तणनाशकं जेमतेम पाऊणशे वर्षांची, आणि ती या जुन्या कारखान्यात जाऊन पडतात.

मंडूसीकडे वळू. समुंदर सिंह यांनी स्कॉटलंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर १९९० च्या दशकात हा प्रश्न पुढे नेला. दाद न देणारी मंडूसी औषध कमी शोषते का? नाही. मग ती ते मोडते का? इथे त्यांनी वापरलेली युक्ती छान आहे. सायटोक्रोम पी-४५० चं काम अडवणारी काही रसायनं असतात. पिपरोनिल ब्युटॉक्साइड हे त्यातलं एक. डास-झुरळांच्या कित्येक फवाऱ्यांत ते घातलेलं असतं, कारण कीटकाने विष पचवू नये हा हेतू तिथेही असतोच. दुसरं आहे अमिनोबेन्झोट्रायाझोल. अशा रसायनांबरोबर आयसोप्रोट्युरॉन दिलं, तर दाद न देणारी मंडूसी पुन्हा मरायला लागली. औषधाचं विघटन मंदावलं आणि तिचं कवच गेलं. शिवाय तिच्या पेशीत औषधाचे जे तुकडे होत होते, ते गव्हात होणाऱ्या तुकड्यांसारखेच होते. तसेच कान, तशीच छाटणी.

म्हणजे तणाने नवीन काहीच शोधून काढलं नव्हतं. ज्या युक्तीवर गहू वाचत होता तीच तणाच्या हाती लागली होती. आपण दर हिवाळ्यात शेतभर एकच परीक्षा घेत होतो: गव्हासारखं पचवून दाखव आणि जग. दहा-पंधरा वर्षांनी काही विद्यार्थी पास झाले, एवढंच.

मग ही अडवणारी रसायनं औषधात मिसळून का विकत नाहीत, असं कोणालाही वाटेल. पण त्या रसायनाला गहू कोणता आणि तण कोणतं हे कसं कळणार? गव्हाचा बचावही त्याच एन्झाइमांवर आहे. उलट काही तणनाशकांत आपण गव्हाचं पचन वाढवणारं रसायन मुद्दाम घालतो. त्याला सेफनर म्हणतात. क्लोडिनाफॉपच्या डब्यात असा सेफनर असतो. गव्हाच्या पचनाचा वेग वाढवायचा आणि तणाचा वाढू नये अशी आशा करायची, असं हे सगळं प्रकरण आहे.

प्रतिकाराचा एक दुसरा प्रकारही आहे, आणि तो जास्त प्रसिद्ध आहे. त्यात औषध जिथे बसतं ती खाचच बदलते. कुलूप बदललं की किल्ली बिनकामाची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९६८ मध्ये एका रोपवाटिकेत ग्राउंडसेल नावाचं तण सिमाझीनला दाद देईना. तण तिथेही औषध पचवत असेल असा आधी संशय होता, पण अशा तणांत डी-१ प्रथिनातला एकच घटक बदललेला असतो असं पुढे कळलं. या प्रकाराचा एक फायदा असतो, फायदा म्हणायचा तर. कुलूप बदललं ते त्या एका जागेचं. वेगळ्या जागी बसणारं औषध आणलं की तण मरतं. 'औषध बदला' हा सल्ला इथे लागू पडतो, निदान काही वर्षं.

पचवणाऱ्या तणाला हा सल्ला लागू पडेलच असं नाही, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ याला जास्त घाबरतात. पचवणाऱ्या एन्झाइमाला औषध कुठल्या खाचेत बसतं याच्याशी देणंघेणं नाही. त्याला दिसतो तो रेणूचा आकार, कान लावण्याजोगी जागा. दोन औषधं झाडाला मारतात अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने, पण दोघांनाही एकच एन्झाइम मोडू शकतं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट यासाठी सांगायलाच हवी. तिथल्या गव्हात रायग्रास नावाचं गवत हे मोठं तण. त्यावर डायक्लोफॉप हे औषध निघालं, आणि १९८२ मध्येच ते न मानणाऱ्या रायग्रासची नोंद झाली. १९८६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याहून विचित्र गोष्ट दाखवली. हे रायग्रास क्लोरसल्फ्युरॉनलाही दाद देत नव्हतं. क्लोरसल्फ्युरॉन संपूर्ण वेगळ्या जातकुळीचं, वेगळ्या जागी काम करणारं. आणि त्या शेतात ते कधी फवारलंच नव्हतं! पुढे उत्तर सापडलं ते असं, की हे रायग्रास क्लोरसल्फ्युरॉन गव्हासारखंच मोडत होतं. आपण एका विषाची परीक्षा घेतली आणि तण न घेतलेल्या परीक्षेतही पास झालं.

कॅलिफोर्नियातल्या भातशेतीत सावाच्या जातीचं एक तण आहे, एकायनोक्लोआ. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये त्यातली सायटोक्रोम पी-४५० ची दोन जनुकं नेमकी दाखवून दिली. दाद न देणाऱ्या तणात ती दोन्ही जनुकं जास्त जोराने काम करतात, एवढाच फरक. जनुकं तीच, आवाज मोठा केलेला, आणि तेवढ्यावर वेगवेगळ्या वर्गांतली औषधं निकामी.

हरियाणात पुढे काय झालं? आयसोप्रोट्युरॉन न मानणाऱ्या मंडूसीवर डायक्लोफॉपही नीट चालत नाही असं दिसलं होतं, म्हणजे ऑस्ट्रेलियाचाच प्रकार उलट दिशेने. १९९७-९८ च्या सुमाराला नवी औषधं शिफारशीत आली: क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन. शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. गव्हाचं उत्पादन सावरलं, हे मान्यच करायला हवं. पण फेनॉक्साप्रॉपची धार काही वर्षांतच बोथट झाली आणि पुढच्या दशकात क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन यांनाही दाद न देणाऱ्या मंडूसीच्या नोंदी झाल्या. काही ठिकाणी एकाच शेतातली मंडूसी तीन-तीन वर्गांची औषधं रिचवून उभी. काही शेतांत कुलूप बदललेलं, काहींत पचन वाढलेलं, काहींत दोन्ही. मग आणखी नवी औषधं. त्यात जगभरचीच एक अडचण अशी, की १९८० च्या दशकानंतर जवळपास तीन दशकं नव्या पद्धतीने मारणारं एकही तणनाशक बाजारात आलं नाही. नवे डबे येत राहिले, पण ते जुन्याच खाचांसाठी.

यात मात्रेचा भाग फार मोठा आहे, म्हणून तिथे जरा थांबू. हरियाणात आयसोप्रोट्युरॉन बऱ्याचदा फवारलं जात नव्हतंच. वाळूत किंवा युरियात मिसळून हाताने फेकायचं, पंप पाठीवर घेऊन हिंडण्याचा त्रास नको. कुठे मुठभर पडायचं, कुठे चिमूटभर. शिवाय पैसे वाचवायला शिफारशीपेक्षा कमी. कुलूप बदललेल्या तणाला मात्रेने फारसा फरक पडत नाही, ते पूर्ण मात्रेतही जगतं. पचवणाऱ्या तणाचं तसं नाही. त्याची ताकद बहुतेकदा पायरीपायरीने वाढते, अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या मदतीने. पूर्ण मात्रेत अर्धवट पचवणारं रोप मरतं. अर्ध्या मात्रेत ते जगतं, बी टाकतं, आणि पुढच्या पिढीत त्याहून बरं पचवणारं निपजतं. ऑस्ट्रेलियात पॉल नीव्ह आणि स्टीफन पॉल्स यांनी रायग्रासवर मुद्दाम कमी मात्रा मारून वाचलेल्यांचं बी पुन्हा पेरलं, पुन्हा कमी मात्रा मारली. तीनच पिढ्यांत पूर्ण मात्रेलाही न मरणारं रायग्रास तयार झालं. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रायग्रास परपरागीभवन करणारं, त्यामुळे दोन झाडांचे वेगळे गुण एका बियात लवकर एकत्र येतात. मंडूसी बहुतांशी स्वपरागी, तिला हे एकत्र करणं जड जातं. तरीही तिने दहा-पंधरा वर्षांत जमवलंच.

पण कमी मात्रेबद्दल शेतकऱ्याला रागावून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. डब्यावरची बारीक अक्षरं, परक्या भाषेतली चिठ्ठी, आणि 'एवढं पुरे' म्हणून सांगणारा विक्रेता, ही साखळी आपण सगळ्यांनी मिळून उभी केलेली आहे.

मग हरियाणाने केलं काय? सगळ्यात जास्त उपयोग झाला तो औषधाचा नव्हे. हिसारच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या शेतावर शून्य मशागत लावून धरली. भात कापल्यावर नांगरट न करता, खास पेरणी यंत्राने सरळ गहू पेरायचा. माती हलली नाही की खालचं मंडूसीचं बी वर येत नाही आणि उगवणही कमी होते. नांगरटीचे दिवस वाचतात, त्यामुळे गहू लवकर पेरला जातो. त्या वेळी हवेत अजून ऊब असते, आणि मंडूसीला उगवायला गारवा लागतो. ती डोकं वर काढेपर्यंत गव्हाने जागा धरलेली असते. डिझेल वाचलं हा वरचा फायदा, आणि खरं सांगायचं तर बरेच शेतकरी त्यासाठीच तयार झाले. दुसरा उपाय जुनाच, पिकांची फेरपालट. ज्या शेतांत मध्ये ऊस, सूर्यफूल, बरसीम असं काही घेतलं जात होतं तिथे दाद न देणारी मंडूसी फार कमी सापडली. बरसीम हे चाऱ्याचं पीक, दर काही आठवड्यांनी कापलं जातं. मंडूसीही त्याबरोबर कापली जाते, बी धरायला तिला वेळच मिळत नाही. तणाने कितीही विषं पचवलेली असोत, विळा पचवण्याची विद्या अजून कोणाला आलेली नाही.

आता आलेल्या प्रश्नांतले दोन घेऊ.

पहिला प्रश्न आपल्याकडच्या सोयाबीनचा आहे. इमॅझेथापायर मारतो, पण काही तणं पिवळी पडून पुन्हा हिरवी होतात, मात्रा दुप्पट करू का? सोयाबीनही इमॅझेथापायर पचवूनच वाचतं, म्हणून गव्हाची गोष्ट विदर्भ-मराठवाड्यालाही लागू आहे. मात्रा दुप्पट करू नका. सोयाबीनला झटका बसेल, आणि हे औषध जमिनीत टिकणारं असल्याने त्यामागून येणाऱ्या पिकाला बाधा होऊ शकते. आधी हे तपासा, की शिफारशीची मात्रा, म्हणजे दहा टक्क्यांचं औषध एकरी ४०० मिली, खरोखर एकरभर पडते का. बऱ्याचदा चार पंप पाण्यात एकर उरकलेलं असतं. तण दोन ते चार पानांचं असताना फवारलं का? पेरणीनंतर महिन्याने गुडघाभर तणावर मारलं तर साधं तणही पिवळं होऊन परत उठतं. ती प्रतिकारक्षमता नव्हे, तो आपला उशीर. हे सगळं नीट असूनही तण उठत असेल, तर त्या वर्षी उरलेली तणं बी धरायच्या आत उपटून टाका. मजूर मिळत नाहीत हे माहीत आहे. पण सगळं शेत निंदायचं नाही, फक्त औषधातून वाचलेली तेवढी काढायची. ती दहा असताना काढणं आणि दहा हजार झाल्यावर काढणं यात किती मजुरीचा फरक आहे, हा हिशेब तुम्हीच करा.

दुसरा प्रश्न: हा प्रकार खरंच प्रतिकाराचा आहे हे ओळखायचं कसं? शेतात फिरून बघा. पट्ट्याने तण वाचलं असेल आणि त्यात सगळ्या जातींची तणं असतील, तर तो पट्टा फवारायचा राहिला आहे किंवा नोझल तुंबलं होतं. एकाच जातीची मेलेली आणि जिवंत रोपं शेजारी शेजारी असतील, आणि बाकीच्या जाती साफ मेलेल्या असतील, तर संशय घ्यायला जागा आहे. खात्रीसाठी त्या वाचलेल्या झाडांचं पिकलेलं बी कागदी पिशवीत गोळा करा. बांधावरून किंवा जिथे कधी तणनाशक पडलेलं नाही अशा जागेवरून त्याच जातीचं बी घ्या. पुढच्या हंगामात दोन्ही बी वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, दोन-तीन पानांवर आल्यावर दोन्हींवर एकाच वेळी, एकाच पंपाने शिफारशीची मात्रा मारा आणि तीन आठवडे थांबा. बांधावरचं मेलं आणि शेतातलं पिवळं पडून परत हिरवं झालं, तर दोन्ही कुंड्या तशाच उचलून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. फक्त कुंड्यांवर पहिल्याच दिवशी खडूने नाही, रंगाने खूण करा. पहिल्या पावसात खडू धुऊन जातो आणि मग कुठली कुंडी कुठली ते कोणालाच सांगता येत नाही.